कानावर न आलेलं सुतक

मोहिनीचा फोन आला तेव्हा अशफाक धर्मशाळेच्या नळावर तोंड धूत होता. साबणाच्या हातानंच त्यानं फोन कानाला लावला.

"अशफाकभाई, सिदूदादा जवळ हाय का?"

"आंघोळीला गेलाय. कावून गं? आवाज असा कावून येतोय तुझा?"

सिदूच्या धाकट्या बहिणीनं एका दमात सांगून टाकलं, "आबा गेले. पहाटं उठले, च्या पेले, मेंढरं सोडाया वाघरीकडं निघाले आन उंबऱ्यातच बसले. बसले ते बसलेच."

अशफाकच्या हनुवटीवरून फेस गळत होता. पुण्याचं सकाळचं ऊन धर्मशाळेच्या भिंतीवर नुकतं चढत होतं. सिदूचा बाप गेला होता. तेवढ्यात पलीकडून फोन कुणीतरी घेतला. भिवराबाई, सिदूची आई. तिचा आवाज कोरडा, वाळल्या कडब्यासारखा.

"अशफाक, बाबा, म्या बोलायले. माझ्या सिदूला ह्यातलं काय सांगू नको."

"मावशी, असं कसं…"

"ऐक. त्याची आत्या वारली तवा त्यानंच सांगितलं व्हतं. सुतक मरनारापासनं न्हाई, ऐकनारापासनं धरायचं. कानावर गेलं की लागलं. आज त्याला देवाच्या ताटाला हात लावायचाय का न्हाई? मग कानावर जाऊच दिऊ नको."

"आन आग? आग कोन दील, मावशी?"

"तोच दील. थोरला लेक हाय. आमी दिवस बुडंस्तोवर थांबतो. परीक्षा झाली की गाडी काढ आन घिऊन ये. बजरंग भाऊजी आत्तापासनं घाई करायलेत, त्यास्नी म्या बघते. पर तू तोंड गच्च ठेव, बाबा. तुला आईची आन हाय."

फोन बंद झाला. अशफाकच्या ओठांवर लहानपणापासून बसलेले शब्द आपोआप आले, मौतीची खबर ऐकली की त्यांच्या घरात सगळेच म्हणायचे तसे. "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

"कोन गेलं बे?"

मागं सिदू उभा होता. ओलं अंग, खांद्यावर पंचा, हातात तांब्या. अशफाकच्या तोंडून हे शब्द कधी निघतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बीडच्या गल्लीत अशफाकच्या घरी किती वर्षं जेवला होता तो.

"ते… मैनुद्दीनचाचा," अशफाक म्हणाला. पहिलं तोंडात आलं ते नाव. "फळवाले."

"अरेरे! परवा तर द्राक्षं दिली मला. पैसे पन घेतले न्हाईत, म्हनले, साहेब होऊन ये." सिदूनं तांब्या खाली ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. जित्याजागत्या मैनुद्दीनचाचासाठी तो मनोभावे पुटपुटत राहिला आणि अशफाक साबणानं झोंबणारे डोळे चोळत नळाकडं वळला. रडायला तेवढंच निमित्त मिळालं.

सिदूची वाट लांबची होती. बीडजवळच्या पालीच्या पलीकडं, बिंदुसरेच्या धरणाच्या वर जी माळरानं आहेत, तिथं त्याचा बाप म्हाळू मेंढरं चारायचा. चारत चारत कधी लिंबागणेशपर्यंत जायचा. तिथल्या देवळात एक म्हातारे शास्त्रीबुवा पोरांना स्तोत्रं शिकवत. मेंढरं बाहेर सावलीला बसली की लहानगा सिदू काठीवर हनुवटी टेकून भिंतीबाहेरून ऐकायचा. एके दिवशी शास्त्रीबुवा बाहेर आले तर पोरगं मेंढरांना अथर्वशीर्ष म्हणून दाखवत होतं, आणि आतल्या पोरांपेक्षा साफ. "हा मला दे," ते म्हाळूला म्हणाले. म्हाळू दिवसभर मेंढरांमागं फिरला आणि सांजेला येऊन म्हणाला, "न्या."

म्हाळूला धनगरी गजी नाचाच्या ढोलावर ओव्या बांधायचा नाद. पोराला पैठणच्या पाठशाळेत सोडून आला त्या आठवड्यात त्यानं एक ओवी बांधली. ती आता त्या वस्तीवर सगळ्यांच्या तोंडी आहे:

मेंढरं चरती माळी, पानी बिंदुसराकाठी
लेकराच्या माझ्या हाती, काठी सुटली, आली पाटी

सिदू शास्त्री झाला. बीडला कॉलेज करून पदवी घेतली. पूजाविधीची पदविका घेतली. आणि घरी येऊन बसला, कारण धनगराच्या पोराकडून सत्यनारायण घालून घ्यायला गाव तयार नव्हतं. "मेंढक्याचा भटजी" म्हणून पारावरची मंडळी हसत. त्याला हक्काचं असं एकच बोलावणं येई. दसऱ्याला अशफाकच्या गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची, पान्यांची, जॅकची पूजा. अशफाकची अम्मी जाहेदाबी दारात उभी राहून सगळं बघायची आणि शेवटी म्हणायची, "पंडित, दुआ लंबी पढा तू, खजूर खाके जा."

मग त्याला लष्करातल्या धर्मगुरूची जागा कळली. पलटणीत देऊळ असतं, मशीद असते, गुरुद्वारा असतो, आणि तिथं धर्मगुरू लागतो. नायब सुभेदाराची पट्टी, अंगावर वर्दी, आणि सणावाराला, संकटाला, कुणी शहीद झालं तर त्याच्या घरच्यांपुढं उभं राहायला हा माणूस. त्यांनी पदवी विचारली, शास्त्री आहेस का विचारलं, वय विचारलं. बापाचा धंदा विचारला नाही. सिदूला तेवढंच पुरलं.

"बंदूक घिऊन आरती म्हननार का बे?" पारावरून प्रश्न आला.

पहिल्या खेपेला तो धावण्यात मागं पडला. पाठशाळेत मांडी घालून घालून पायांची सवय गेली होती. मग धरणाच्या बांधावर रोज सकाळी पळायला लागला. अशफाक मोटारसायकलवरून शेजारी आणि म्हाळू खाली मेंढरांत उभा राहून ओरडायचा, "लांडगा लागल्यावानी पळ रं!" दुसऱ्या खेपेला धावला, लेखी परीक्षाही पार केली, मुलाखतीत राहिला. आता ही तिसरी खेप. धावणं झालं, लेखी झाली. आज तोंडी, आणि प्रत्यक्ष पूजा करून दाखवणं. वयाची अट सरत आली होती. ह्यानंतर पुन्हा अर्ज करायची सोयच नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भिवराबाईला तर सगळ्यांत जास्त.

धर्मशाळेतून निघण्याआधी अशफाकनं एक काम केलं. "तुझा फोन दे, गाडीत चार्जिंगला लावतो," म्हणून सिदूचा फोन काढून घेतला. बरंच झालं. कारण गाडीत बसून बघतो तर वस्तीवरच्या नाथानं स्टेटस ठेवलेलं. म्हाळूचा पिवळ्या फेट्यातला फोटो, खाली दोन पणत्या आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याचं बघून आणखी चौघांनी. अशफाकनं गाडीच्या आडोशाला जाऊन नाथाला फोन केला.

"काढ बे ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"कावून? लोकायला कळाया नगं का?"

"सगळ्यायला कळू दे, एकाला नको. मावशीला इचार जा."

नाथानं काढलं. बाकीच्यांनी काढलं की नाही कोण जाणे. अशफाकनं सिदूचा फोन बंदच करून टाकला.

भरतीच्या फाटकाबाहेर रांग लागलेली. अशी रांग अशफाकनं जन्मात पाहिली नव्हती. धोतरातले पंडित, दाढीतले मौलवी, पगडीतले ग्रंथी, गळ्यात क्रूस घातलेला एक सावळा पाद्री, सगळे हातात कागद घेऊन एकामागं एक. फाटकावरच्या जवानानं अशफाकची दाढी आणि टोपी पाहिली. "मौलवीसाब, कागज?"

"मी मिस्त्री हाय साहेब. ह्या पंडिताला सोडाया आलोय."

जवान हसला. सिदूही हसला. मग एकदम गंभीर होऊन अशफाकला बाजूला घेऊन म्हणाला, "घरी फोन लाव. आबाचा आशीर्वाद घेतो आन आत जातो."

"रेंज नसंल रं तिकडं आत्ता."

"लाव तर."

"नाव पुकारतील तुझं."

"अजून टाइम हाय. लाव बे, काय करायलास?"

अशफाकनं फोन काढला. सिदू अंगाला अंग लावून उभा होता, म्हणून खोटा नंबर लावायचीही सोय नव्हती. त्यानं मोहिनीला लावला. सिदूनं फोन हातातून घेतला आणि आवाज मोठा केला.

"मोहे, आबाला दे."

पलीकडं काहीतरी खुडबुडलं. अशफाकला डोळ्यांसमोर दिसत होतं सगळं. सारवलेल्या अंगणात म्हाळू झाकून ठेवलेला. भोवती बाया. आणि भिवराबाई एक हात वर करून सगळ्यांना गप करत असलेली. दुखवट्याला आलेल्या बाया, पदर तोंडात कोंबून, दम कोंडून बसलेल्या. घरात मरण झालंय आणि हुंदका नाही.

"सिदू," भिवराबाईचा आवाज आला. "आबा रानात गेलेत. मेंढरं घिऊन लवकरच गेले. फोन घरीच ऱ्हायला त्यांचा."

"आजच्या दिवशी बी लवकर गेले?"

"त्यास्नी कुठला दिस असतोय बाबा. जाताना म्हनले, पोराला सांग, घाबरू नको म्हनावं. मनात देव ठिऊन बोल म्हनावं."

"अजून काय म्हनले?"

"म्हनले, लेक माझा लई गुनाचा हाय."

त्याच वेळी पलीकडून आवाज आला. मेंढरांचा. एकाचा नव्हे, कळपाचा. भुकेलं, दाटून आलेलं बें-बें. आणि त्यातून मधूनच घंटेचा जड नाद.

सिदूची मान किंचित वर झाली. "आई, मेंढरं वरडायलीत."

"कोकरं हायेत. मागं ठिवलेली."

"हां," सिदू म्हणाला. "कोकरं."

अशफाक मिस्त्री असला तरी सिदूसोबत म्हाळूच्या वस्तीवर त्यानं कितीतरी दिवस काढले होते. कोकरांचा आवाज बारीक, चिरका असतो हे त्यालाही कळत होतं. आणि ती घंटा. ती कळपाच्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यात असते. म्हाळू मेंढरं घेऊन रानात गेला असता तर ती घंटा रानात वाजली असती. भिवराबाईनं बाया गप केल्या, पोरंसोरं गप केली, भावकी गप केली. वाघरीत कोंडून राहिलेल्या, सकाळपासून कुणी न सोडलेल्या मेंढरांना गप करायचं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. रोजचाच आवाज तो. त्यांच्यात राहणाऱ्या माणसाला तो ऐकूच येत नाही.

"बरं आई. ठिवतो," सिदू म्हणाला.

त्यानं फोन अशफाकच्या हातात दिला. चेहऱ्यावर काही नव्हतं, हेच फार भीतीदायक होतं. फाटकाच्या आत कुणीतरी नावं पुकारत होतं.

"अशफाक. तुला मला काय सांगायचंय का?"

अशफाकनं फोन खिशात घातला. आईची आण, आईची आण, आईची आण. "जा आत. नाव पुकारतील."

सिदूनं मान हलवली. "मग नको सांगू," तो म्हणाला, आणि पिशवीतलं उपरणं काढून, झटकून, खांद्यावर घेऊन आत गेला.

त्यानंतरची सकाळ अशफाकनं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. गाडीचं तेल बघितलं, पाणी बघितलं, चाकांना लाथा मारून हवा बघितली. जुनी ओम्नी, वाटेत दगा दिला तर दिवस बुडण्याआधी पालीला पोचणं नाही. त्यानं पंख्याचा पट्टा काढून दुसरा घातला. फाटकातून माणसं एकेक करून बाहेर येत होती, सिदूचा पत्ता नव्हता.

मोहिनीचे फोन येत राहिले.

"अशफाकभाई, निघाले का?"

"न्हाई अजून."

"काका लई चिडलेत. म्हनत्यात, मेल्या मानसाला ताटकळत ठिवता का?"

मागून बजरंगचा आवाज आला, मुद्दाम ऐकू जावा असा. "माझा भाऊ हाय तो! सकाळपासनं पडलाय! पोराच्या नोकरीपायी बापाला उन्हात वाळवायलीस व्हय, वैनी?"

आणि भिवराबाई, शांतपणे: "सावलीत ठिवलाय. आन नोकरीपायी न्हाई. त्याच्या बापाचं सपान हाय ते. बापच थांबंल त्याच्यासाठी, तुमी बी थांबा."

अशफाकला वाटलं, फाटक ओलांडून आत घुसावं आणि ओरडावं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, अजून थोडा वेळ, ताटाला हात लागू दे, मग एकदाचं सांगून टाकतो. दोन्ही गोष्टी सारख्याच जोरानं वाटत होत्या. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

ऊन माथ्यावरून कलू लागलं तेव्हा सिदू बाहेर आला. चालत नाही, पळतही नाही, त्या दोन्हीच्या मधला. सरळ गाडीचं दार उघडून बसला.

"काढ गाडी."

अशफाकनं गाडी काढली. फाटक मागं गेलं, झाडं मागं गेली. पहिल्या सिग्नलला सिदू म्हणाला, "आता सांग. मला कळलंय, पर तुझ्या तोंडून ऐकू दे. कुनीतरी सांगावं लागतंय रं."

अशफाकनं समोरच बघत सांगितलं. पहाटं उठले, च्या पेले, उंबऱ्यात बसले. जेवढं मोहिनीनं सांगितलं होतं तेवढं सगळं, एकही शब्द न गाळता. सिदू ऐकत होता. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या वाजवायला लागल्या, तरी अशफाकचा पाय हलेना. मग सिदूनंच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चल."

शहर संपेस्तोवर सिदू खिडकीबाहेर बघत रडत होता. आवाज न करता, उपरण्याचं टोक तोंडात धरून. वस्ती विरळ झाली, मोकळा रस्ता लागला, तेव्हा तो बोलायला लागला.

"आन मैनुद्दीनचाचा?"

"जिता हाय. द्राक्षं इकायलाय."

सिदू हसला आणि हसता हसता पुन्हा फुटला. "म्या त्याच्यासाठी मंतर म्हनला बे!"

"त्याला काय, आयुष्य वाढंल." अशफाकनं नाक पुसलं. मग विचारलं, "आत काय झालं?"

"तिघं व्हते. त्यात एक म्हातारं सुभेदार, पंडितच, पहाडी मुलखातलं. लई इचारलं. गीता इचारली, रुद्र इचारला. म्हनले, पलटणीतला मुसलमान जवान रडत तुमच्याकडं आला तर काय कराल? म्या म्हनलं, आधी बसवीन, मग च्या देईन, मग तो बोलंस्तोवर गप बसंन. ते हसले. सगळं बरं चाललं व्हतं."

"मग?"

"मग ताट पुढं केलं. समई, निरांजन, फुलं. म्हनले, पूजा मांडून आरती दाखवा." सिदू थांबला. "हात न्हाई लावला."

गाडी एका खड्ड्यात आदळली. अशफाकनं शिवी हासडली ती खड्ड्याला की सिदूला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"त्यांनी इचारलं, कावून? म्या म्हनलं, मला वाटतंय माझे वडील वारले. सुतकात असंन मी. म्हातारं सुभेदार म्हनले, खबर मिळाली का? म्हनलं, न्हाई. कुनी सांगितलं? कुनीच न्हाई. मग ते म्हनले, बेटा, जोवर कानावर आलं न्हाई तोवर सुतक न्हाई. शास्तर तुझ्या बाजूनं हाय. उचल निरांजन."

"मग उचलायचं ना बे!" अशफाक ओरडला. "तुझ्या आईनं सकाळपासनं…"

"म्हाईत हाय. म्हनून तर." सिदूचा आवाज खाली आला. "म्या त्यास्नी सांगितलं, मेंढरं घरी व्हती. एडक्याची घंटा घरी वाजायली व्हती. आमच्यात ह्याच्याहून पक्की खबर नसती. साहेब म्हनले, शास्त्रात मेंढरं न्हाईत. म्या म्हनलं, माझ्यात हायेत."

"आन ते काय म्हनले?"

"म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हनले, हा भाग कोरा ऱ्हाईल, कळतंय ना? म्या म्हनलं, कळतंय. म्हनले, मग इथं कशाला बसलास? जा."

"म्हंजे गेलं सगळं?"

"ठावं न्हाई. बोलायचं सगळं बोललो. कोरं ऱ्हायलं ते ऱ्हायलं." थोड्या वेळानं तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "उद्या बर्फात, चौकीवर, एखाद्या पोराचा बाप जाईल. तो माझ्याकडं बघंल. त्याला काय सांगू, कानावर घिऊ नको म्हंजे झालं?"

अशफाकनं ॲक्सिलरेटर दाबला. जामखेड मागं पडलं. सूर्य गाडीच्या मागच्या काचेत आला आणि सीटवर तांबूस उतरायला लागला. मोहिनीचा फोन आला तेव्हा ती नुसतं एवढंच म्हणाली, "काका उठलेत. तिरडी बांधायलेत."

"लिंबागणेश आलं म्हनावं," सिदू म्हणाला. "म्हनावं, घडीभर दम धरा. आलोच."

ओम्नीचं इंजिन ओरडत होतं. अशफाक त्याला लाडीगोडीनं, शिव्यांनी, अल्लाच्या नावानं पुढं हाकत होता. मांजरसुंब्याचा उतार लागला तेव्हा ऊन डोंगराच्या कडेला टेकलं होतं. पालीच्या अलीकडून कच्च्या वाटेला गाडी घातली, धरणाचं पाणी एकदा चकाकलं, आणि वस्ती दिसली. माणसं उभी होती. तिरडी बांधून झालेली होती. विस्तवाचं मडकं पेटवून बाजूला ठेवलेलं होतं. बजरंग डोक्याचा फेटा सोडून खांद्यावर टाकून उभा होता, भावाला आग द्यायला तयार.

सिदू उतरला. भिवराबाई दारातून पुढं आली. तिनं त्याच्या तोंडाकडं एकदाच पाहिलं आणि अशफाककडं वळली.

"सांगितलंस?"

"त्यानं न्हाई सांगितलं, आई," सिदू म्हणाला. "फोनवर मेंढरं ऐकली म्या."

भिवराबाई वाघरीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आन परीक्षा?"

"ताटाला हात न्हाई लावला."

भिवराबाईनं दोन पावलं पुढं टाकली आणि सिदूच्या छातीवर मुठी आपटल्या. एकदा, दोनदा, मोजायचं कारण नव्हतं.

"धन्याला समोर ठिऊन म्या खोटं बोलले! बायांच्या तोंडावर हात ठिवले! मेलेल्या मानसाच्या नावानं आशीर्वाद दिला तुला! कुनासाठी रं? कुनासाठी?" तिचा आवाज फाटला. "तुझंच शास्तर व्हतं ते! तूच सांगितलंस, कानावर गेलं तरच लागतंय! म्या न्हाई घालू दिलं कानावर!"

"तू न्हाई घालू दिलंस, आई," सिदू म्हणाला. तो तिच्या मुठींखाली उभाच राहिला, मागं सरला नाही. "तुझ्याकडनं काय चुकलं न्हाई. पर मला कळलं व्हतं. कळलेलं न कळल्यागत करून देवाम्होरं उभं ऱ्हायला आलं न्हाई मला."

"आन आता? आता काय करशील?"

"आता आबाला नेतो."

भिवराबाईच्या मुठी उघडल्या. त्याच हातांनी तिनं लेकाचा चेहरा धरला, कपाळ आपल्या कपाळाला लावलं आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. बजरंगनं पुढं येऊन पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. दिवसभराचा त्याचा राग कुठं गेला कोण जाणे; तो लहान पोरासारखा म्हणाला, "चल सिदू. दिस चाललाय. तुझाच मान हाय, मी नुसता उभा व्हतो."

सिदूनं फाटकाबाहेर पांघरलेलं ते उपरणं आणि सदरा काढून ठेवला. उघड्या अंगानं विस्तवाचं मडकं उचललं आणि पुढं झाला. मागं चौघांनी तिरडी उचलली. माळाच्या उतारावरून सगळे नदीकडं निघाले.

बाया दारातच थांबतात तिथं. भिवराबाई थांबली. अशफाक गाडीला टेकून उभा होता. ती त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं:

"खरं सांग बाबा. घेतील का त्याला?"

अशफाकनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "ठावं न्हाई मावशी. त्यालाच ठावं न्हाई."

"बरं," ती म्हणाली. उतारावरून जाणाऱ्या लेकाच्या पाठीकडं बघत राहिली. मडक्यातला धूर वाऱ्यानं त्याच्या तोंडावर येत होता आणि तो मान न फिरवता चालला होता. "सरळ चालायलाय बघ," ती म्हणाली, आणि जागच्या जागी खाली बसली. सकाळपासून जे आत कोंडलं होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. मग मोहिनीनं सूर धरला, मग सगळ्या बायांनी.

अशफाकनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि उतारावरून पळत सुटला. तिरडीच्या मागच्या दांड्याला एक म्हातारा दमत आला होता. त्याला बाजूला करून अशफाकनं खांदा दिला.